उंबऱ्यावरचा मेंढा

मेंढ्याचं शिंग तोरजानच्या मुठीत होतं आणि मूठ काही सैल होत नव्हती.

सुरी घेतलेला शिपाई उंबऱ्यापाशी उकिडवा बसला होता. तो उत्तरेकडचा, सरकारी फौजेतला. काप म्हटलं की कापायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्याच्यामागे परदेशी कप्तान डोक्यावरचं शिरस्त्राण काढून उभा होता. कप्तानामागे चार चिलखती गाड्या आणि एक बुलडोझर. साक्षीला म्हणून गावातले सात-आठ म्हातारेही बोलावून आणले होते.

"सुरी खाली ठेव," तोरजान शिपायाला म्हणाला. "रक्त सांडलेलं नाही, तोवर मला 'नाही' म्हणता येतं."

म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. ते खरं होतं. कोणी दारात मेंढा आणून कापला आणि रक्त उंबऱ्याला लागलं, की मागणारा पोटच्या पोराचा खुनी का असेना, त्याचं मागणं मोडायचं नाही. तोरजानच्या बापानं मोडलं नव्हतं. आज्यानंही नाही.

कप्तान मागत होता किशमिशखाना. द्राक्षमळ्याच्या कडेला उभी असलेली ती मातीची उंच कोठी, हातभर जाडीच्या भिंतींची, वारा खेळावा म्हणून वरपासून खालपर्यंत फटी ठेवलेली. आत वाशांना वर्षाचं सगळं पीक टांगलेलं होतं. वीस दिवस झाले होते. बेदाणा व्हायला अजून वीस हवे होते.

"काका, कप्तान म्हणतात," दुभाषा बोलू लागला. फवाद त्याचं नाव, काबूलचा पोरगा. "त्यांच्या सरकारचं धोरण बदललंय. पूर्वीसारखं आता न विचारता कुणाचं काही पाडायचं नाही. लोकांच्या दारात जायचं, लोकांच्या रीतीनं, मान देऊन मागायचं."

"ही रीत त्याला कोणी शिकवली?"

"पुस्तकात आहे, काका. सगळ्या कप्तानांना एकेक दिलंय."

"मग पुस्तकात हेही असेल, की मेंढा घेऊन येतो तो हरलेला माणूस असतो. त्याला दुसरा आसरा नसतो. पाठीशी बुलडोझर उभा करून कोणी भीक मागतं होय रे?"

फवादनं ते सांगितलं. कप्तान हळूहळू बोलला, आणि फवादही तितक्याच हळू सांगत गेला. "ते म्हणतात, ह्या महिन्यात माझी दोन माणसं गेली. दोघांनाही त्या फटींतून आलेल्या गोळ्या लागल्या. एकाला मी स्वतः खांद्यावर घेऊन आलो. त्याच्या आईला पत्र लिहिलं. आता आणखी एक पत्र माझ्याच्यानं लिहवणार नाही."

तोरजाननं कप्तानाच्या तोंडाकडे पाहिलं. उन्हानं नाकाची साल निघालेली. डोळे लाल. माणूस खोटं बोलत नव्हता. खोटं बोलत असता तर फार बरं झालं असतं.

"फटींतून गोळ्या झाडतात त्यांनी मला विचारलं नाही," तो म्हणाला. "मेंढा तर सोडाच. वीस दिवस द्या. पीक उतरवतो आणि माझ्या हातानं भिंती पाडून देतो. सांग त्याला."

"वीस दिवस नाही जमणार, काका. तारीख आजचीच आहे. वरून आलीय."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

फवाद कप्तानाकडे वळलाच नाही. मान खाली घालून स्वतःच बोलला, "तरी पाडायचं आहेच, काका. पण तुम्ही हो म्हटलेलं बरं, असं नव्या धोरणात आहे."

म्हाताऱ्यांतला बराय पुढं आला. तोरजानच्या मळ्याशेजारचा. "सोड, तोरजाना. दारात आलेल्याशी किती घासाघीस करायची? गाव बघतंय."

"तुला काय जातंय बोलायला?"

"माझा किशमिशखाना गेलाय गेल्या साली. विसरलास का?"

तोरजान विसरला नव्हता. मूठ कधी सुटली हे त्याला कळलं नाही. शिपायानं मेंढा आडवा केला, देवाचं नाव घेतलं आणि सुरी फिरवली. उंबरा भिजला. कप्तानानं छातीवर हात ठेवून मान लववली, अगदी शिकवल्यासारखी नीट. मग त्यानं बुलडोझरकडे पाहून बोट हलवलं.

पहिली भिंत पडली तेव्हा धुरळ्याबरोबर आंबूस वास आला. वासे मोडले. घड मातीत पडले, ना धड द्राक्षं, ना धड बेदाणे.

तोरजान अंगणातून दाराआड गेला. तिथं त्याची बायको जरमीना कणकेच्या हातांनी उभी होती. दारातलं रक्त मानलं म्हणजे पाहुणे जेवूनच जाणार, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

"बरायचा पाडला तेव्हा ह्यांनी विचारलं नव्हतं," तो म्हणाला. "वर्ष झालं, सकाळ-संध्याकाळ तो ह्यांना शिव्या घालतोय. पोट भरून घालतोय. आणि मी? मी हो म्हटलंय. मला आता तेवढंही तोंड ठेवलं नाही ह्यांनी."

जरमीनानं बोटांची कणीक परातीत झाडली. ओढणी पुढं ओढली.

"मला कुठं कोणी विचारलं?" ती म्हणाली.

आणि दाराच्या फटीला तोंड लावून, कप्तानाच्या खापरपणज्यापासून तिनं सुरुवात केली.