भांड्यांवरची नावं

एरंडोलची भिकुबाई मावशी गेली. तिला मूलबाळ नव्हतं, म्हणून घरातलं सामान भाच्याकडे आलं. भाचा कुंदन पुण्यात. तो दुखण्यात आला नाही, दहाव्यालाही नाही. सगळं विकून टाकायला त्याने जळगावच्या एका कंपनीला फोनवरूनच सांगितलं.

दोन दिवसांनी कंपनीच्या माणसाचा फोन आला. "साहेब, भांडी विकता येत नाहीत. गल्लीतल्या बाया उचलून नेताहेत."

"फुकट?"

"बेबाबाई म्हणतात, 'हाई परात मनी शे, नाव दखा.' पाहिलं तर खरंच त्यांचं नाव कोरलेलं. प्रत्येक भांड्यावर कुणा ना कुणाचं आहे."

"म्हणजे मावशीने जन्मभर लोकांची भांडी ढापली?"

"मलाही तसंच वाटलं. पण नावं ताजी आहेत. अंथरुणाला खिळल्यावर मावशींनीच नावं टाकणाऱ्याला घरी बोलावलं होतं. जी जी बाई डबा घेऊन आली, तिचं तिचं नाव टाकून घेतलं."

"माझ्या नावाचं काहीच नाही?"

"आहे ना, साहेब. मोठ्या अक्षरांत, गावासकट. संडासातलं टमरेल. पुण्याला पाठवू का?"