समोरची जागा

आपलं बंद पडलेलं दुकान समोरच्या लेंगरे बझारला गोदामासाठी दिलं असतं, तर शेटेअण्णांना महिन्याला दहा हजार भाडं जास्त मिळालं असतं. पण जिल्ह्यात चार बझार काढणाऱ्या याच लेंगऱ्यांनी तोट्यात साखर विकून ते दुकान बुडवलं होतं. अण्णांनी जागा पुण्याच्या मोठ्या मार्टला दिली.

लेंगरे तावातावानं आले. "अण्णा, दहा हजारांवर पाणी सोडलंत?"

"गिऱ्हाईक पळवायचं तर थोडी खोट खावी लागते. तुमच्याकडूनच शिकलो."

मार्टनं साखर आणखी स्वस्त लावली. वर्षभरात लेंगऱ्यांनी इथलं शटर ओढलं, तेव्हा अण्णांनी गल्लीभर पेढे वाटले.

पुढच्याच महिन्यात मार्टची साखर सहा रुपयांनी चढली. पिशवी ओट्यावर ठेवत बायको म्हणाली, "अहो, पेढे तुम्ही वाटलेत. त्याचे पैसे मात्र अख्खी पेठ भरतेय."