ओढ्याच्या खालच्या अंगाला

विशाखाचे घर जागेवर नव्हते.

रविवारी दुपारी उस्मानपुऱ्यातल्या खोलीत तिने लॅपटॉप उघडला, खेळात शिरली, आणि कालपर्यंत जिथे तिची चूल पेटत होती तिथे सपाट गवत दिसले. तिने आणि तंत्रनिकेतनातल्या दोघा वर्गमित्रांनी ही वस्ती दोन महिन्यांत उभी केली होती. लाकूड तोडत, दगड फोडत, थंडीपासून आणि लांडग्यांपासून जीव वाचवत. तिचे घर विहिरीला लागून होते. विहीरही तिनेच बांधली होती. ओढ्याचे पाणी प्यायले की खेळातला माणूस आजारी पडे, म्हणून आठवडाभर डोंगर फोडून तिने विहिरीसाठी दगड जमवले होते.

शोधत ती वस्तीच्या कुंपणाबाहेर आली. घर ओढ्यापलीकडे, उतारावर उभे होते. भिंती, चूल, पेटी, सगळे जसेच्या तसे.

"शिवराज, माझं घर कुणी हलवलं?"

"मी," लॅपटॉपमधून शिवराजचा आवाज आला. "अगं, चौक करायचाय. तुझं घर लई मधी येत होतं. तोडलं नाय हां, नुसतं हलवलंय. एक खिळा इकडचा तिकडं नाय."

"विचारलं का नाहीस?"

"विचारायचं काय त्यात? तूच परवानगीची खूण करून ठेवली ना?"

खरे होते. पहिल्याच दिवशी तिने आपल्या सर्व वस्तूंपुढे खूण केली होती: मित्रांना वापरू द्या, हलवू द्या.

"आकाशचं घरही मधेच आहे. ते का नाही हलवलं?"

तिसरा, आकाश, नुसता खोकला. शिवराज अडखळला.

"त्याचं... असंच. तू काय गेममधल्या घरावरून भांडायली यार? उलट तिकडं मोकळी हवा आहे. ओढा आहे."

तिचे आजोबा, सखाराम, केव्हापासून खुर्चीमागे उभे होते. चष्मा वर सारून ते पडद्याच्या कोपऱ्यातला छोटा नकाशा पाहत होते.

"आपलं गाव कुणी काढलं गं ह्ये?"

"गाव नाही, आजोबा. खेळ आहे."

"व्हय का?" त्यांनी पडद्यावर बोट टेकवले. "ही वेस. हा ओढा. आन् ह्ये, खालच्या अंगाला, आपलं घर."

विशाखाने नकाशाकडे पुन्हा पाहिले.

मग तिने एकेक काम क्रमाने केले. आधी परवानगीची खूण काढली. नंतर कुंपणाच्या आत जाऊन विहीर निवडली, उचलली, ओढा ओलांडला आणि स्वतःच्या दारासमोर आणून बसवली. थोडी तिरकी वाटली, म्हणून फिरवून सरळ केली.

"विहीर गेली!" शिवराज ओरडला. "माझी पाण्याची पट्टी लाल झाली. विशाखा, विहीर कुठंय?"

"हलवली. तोडली नाही."

"अगं पण..."

"एक दगड इकडचा तिकडं नाही. आणि इथं मोकळी हवा आहे."

"डोकं फिरलं का तुझं?"

कुंपणाचे फाटक उघडले. शिवराजचा माणूस बादली घेऊन ओढ्यातून चालत आला आणि विहिरीवर वाकला. बादली खाली जाईना. पडद्यावर लाल अक्षरे उमटली: मालकाची परवानगी हवी. तो चार पावले मागे सरून उभा राहिला.

सखाराम दाराकडे वळले होते.

"विशाखा," शिवराजचा आवाज एकदम खाली आला होता, "पाणी घेऊ का?"

सखाराम थांबले. परत आले. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"त्याला म्हणावं, परत इचार," ते म्हणाले. "मला नीट ऐकू आलं नाय."