लठ्ठ्याची सातवी चाचणी

सातव्या खेपेला लठ्ठा घरंगळला. डोमा खरं बोलत होता, हे अकरा जणांनी आणि डेपोतल्या कुत्र्यानं पाहिलं. पण हे घडलंच नाही, असं आपण धरून चालू. कागदावर तसंच आहे.

तर, सहाव्या खेपेला लठ्ठा हलला नाही.

अहेरीजवळच्या लाकूड डेपोत गुणवंतराव सकाळपासून उकिडवे बसले होते. ते नागपूरचे निवृत्त इंजिनियर. पंचावन्न सालच्या त्या मार्चात चांद्याच्या कोर्टानं त्यांना तज्ज्ञ म्हणून पाठवलं होतं. कोर्टाचा प्रश्न एकच होता: सागाचा लठ्ठा थप्पीवरून आपणहून घरंगळतो का? डेपोतला मजूर डोमा म्हणत होता, घरंगळतो. थप्पीला टेकण नव्हतं, शेजारचा लठ्ठा काढताना हा खाली आला आणि आपला उजवा पाय घेऊन गेला. ठेकेदार म्हणत होता, डोमा दारू पिऊन थप्पीवर चढला होता. डोमा पीत नव्हता असं नाही. त्या दिवशी मिळाली नव्हती. पण न मिळालेल्या दारूला साक्षीदार नसतो.

लठ्ठा घरंगळला तर भरपाई मिळणार होती. त्यातून हातानं फिरवायची शिलाई मशीन घ्यायचं डोमानं ठरवलं होतं. पायाची त्याला चालणार नव्हती. नाही घरंगळला, तर पायही गेला आणि वर दारुडा हे नावही लागलं.

"सहा," गुणवंतराव म्हणाले आणि त्यांनी वहीत लिहिलं, 'हालचाल शून्य.' प्रत्येक खेपेला माणसं शेजारचा लठ्ठा ओढून काढत, मग परत चढवत. गुणवंतरावांनी ओळंबा धरला होता, पाणसळ ठेवली होती, लठ्ठ्याचा घेर तीन ठिकाणी घेतला होता. सावलीतली उष्णताही मोजली होती. लठ्ठ्याच्या बुडाशी ठोकलेल्या दगडाकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. तो त्यांच्या यादीत नव्हता.

डोमानं पाहिलं.

"जंगूभाऊ, हा गोटा कोनं लावला?"

"मीनं," मुकादम जंगू अभिमानानं म्हणाला. "कालच लावला. पक्का ठोकला."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? नागपूरचा साहेब येऊन राह्यला. त्याच्या अंगावर गेला तं?"

"अरे, तो जावालेच पायजे! त्याच्याचसाठी तं साहेब आला!"

"पाय तं गेला," जंगू हळहळला. "आता डोस्कं बी गेलं का तुह्यं?"

जंगू काही डोमाचा वैरी नव्हता. डोमाला खाटेवर टाकून त्यानंच दवाखान्यापर्यंत नेलं होतं. आपण काय चुकलो, हे त्याला खरंच कळत नव्हतं. डोमानं कुबडी जमिनीवर आपटली.

"साहेब, हा गोटा काढाले सांगा. त्या दिवशी नव्हता."

गुणवंतरावांनी डोमाचा कोर्टातला अर्ज उलटून पाहिला. "नव्हता, असं अर्जात आहे खरं. काढा. पण त्या वेळी खाली माणूस उभा होता, असंही आहे. कोण उभं राहतंय?"

डेपोतली सगळी माणसं एकदम मोहाच्या झाडाकडे पाहू लागली. झाडावर काही नव्हतं.

"मी राह्यतो," डोमा म्हणाला. "मले जागा पाठ आहे."

डोक्यावर शिदोरीची टोपली घेतलेली त्याची बायको गिरजा पुढे आली. "येक उरला हाये. तो घेऊन मुकाट्यानं घरी चला."

डोमा थांबला नाही. त्यानं जागा पकडली आणि कुबडीच्या टोकानं दगड उचकटला. माणसांनी शेजारचा लठ्ठा ओढला. वरचा लठ्ठा क्षणभर विचार केल्यासारखा थांबला आणि सुटला. जंगूनं डोमाला कंबरेला धरून बाजूला फेकलं. लठ्ठा कुबडीवरून गेला, तिचे दोन तुकडे केले आणि कुंपणाला जाऊन टेकला.

धूळ खाली बसली. डोमा मातीत पडून हसत होता. आठ महिन्यांत पहिल्यांदाच.

"लिवा साहेब! लिवा आता!"

गुणवंतरावांनी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मध्येच उठून कुबडीचे दोन्ही तुकडे मोजले आणि पुन्हा लिहिलं. गिरजानं टोपली खाली ठेवली. जंगूनं विचारलं, "काय लिवलं, साहेब?"

गुणवंतरावांनी घसा साफ केला आणि वाचून दाखवलं:

"चाचणी क्रमांक सात. लठ्ठा घरंगळला. तथापि अपघातसमयी अर्जदार दोन पायांवर उभा होता. चाचणीसमयी एक पाय व एक कुबडी यांवर. परिस्थिती समान नसल्याने सदर चाचणी झालीच नाही असे धरण्यात येत आहे. सबब पुढील तारखेस अर्जदाराने दोन्ही पायांसह जातीने हजर राहावे, ही विनंती."