ऑर्विलची पाटी

पवनचक्क्या येणार म्हटल्यावर वायोमिंगच्या माळावर गुरं पाळणाऱ्या ऑर्विलचं डोकंच फिरलं. "वीज जाणार शहरात आणि आम्ही रोज उठून त्या पात्यांचं तोंड बघायचं होय!" असं करवादत त्यानं कुंपणावर दाराएवढी पाटी ठोकली: 'इथं पुरेसा वारा नाही. पवनचक्की नको.'

सकाळी पाटी गायब. दुसरी ठोकली, तीही गेली. साखळीनं बांधलेली तिसरीही गेली, तेव्हा तो तणतणत शेजारच्या डार्लीनकडे गेला. चक्क्यांना जमीन द्यायला तीच उतावीळ झाली होती.

"चोरटे, माझ्या पाट्या कुठंयत?"

डार्लीननं बोट दाखवलं. तिच्या गोठ्यामागच्या तारांत तिन्ही पाट्या अडकल्या होत्या आणि पवनचक्कीच्या कंपनीचा माणूस त्यांचे फोटो काढत होता.



"वाऱ्याचा पुरावा मागत होता रे. म्हटलं, या बघ, दोन मैलांवरून उडत आल्यात."