गोऱ्या साहेबाचं डोकं

साहेबानं पाठ फिरवली, मान खाली घातली आणि आपलं गुळगुळीत टक्कल वासुदेवच्या नाकासमोर धरलं.

"हे," तो इंग्रजीत म्हणाला, "कव्हरवर हे होतं."

वासुदेवनं काउंटरवरच्या रेकॉर्डकडं पाहिलं. कव्हरच्या मधोमध त्यानंच मार्करनं फासलेला काळाकुट्ट गोळा होता.

दुबईतल्या ह्या कॅसेटच्या दुकानात त्याचं कामच ते. इंग्रजी मालावर उघडं अंग दिसलं की काळं फासायचं. "वाश्या, एक ढुंगण सुटलं ना, तर दुकान खलास," मालक शौकतभाईंनी पहिल्याच दिवशी दम भरला होता. वासुदेव देवगडचा, भटजीचा मुलगा. असली चित्रं तो तोंड वळवून, डोळे किलकिले करूनच रंगवायचा. आज हाताखाली गोल, गोरं, गुळगुळीत काहीतरी आलं. त्यानं रामरक्षा पुटपुटत फासून टाकलं.

ते विकायचं नव्हतंच. साहेब सकाळी त्या रेकॉर्डवरून कॅसेट भरून घ्यायला ठेवून गेला होता.

"माझ्या पोराचा बँड," साहेब सांगत होता. "हे एकच गाणं वेगळं काढलं, कुठल्याच अल्बममध्ये नाही. आता शोधूनही मिळत नाही. पोरगा माझ्याशी बोलत नाही. पण कव्हरवर माझं डोकं लावलं त्यानं."

वासुदेवचे कान तापले. शौकतभाईंनी रुमालाला थुंकी लावून पुसून बघितलं. काळं आणखीच पसरलं. टकलाला केस फुटले.

"पण तुला वाटलं तरी काय हे?" साहेबानं विचारलं.

वासुदेवनं शौकतभाईंकडं पाहिलं.

"तो शब्द तोंडातून काढलास," शौकतभाई मराठीत हसत हसत म्हणाले, "तर उद्याच्या विमानात बसवीन."

वासुदेवनं इंग्रजीत सांगितलं, "नी, सर." आणि स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून दाखवलं.

"गुडघा? इथं गुडघासुद्धा चालत नाही?"

"बिलकूल नाही सर!" शौकतभाईंनी ठोकून दिलं. "फार वाईट दिसतं."

साहेबानं खाली बघितलं. तो हाफ पँटमध्ये होता. लाली गालांवरून चढत थेट टाळूपर्यंत गेली.

"सॉरी," तो म्हणाला. "पंधरा दिवस असाच फिरतोय मी. कुणी बोललंच नाही. माफ करा."

"नाय सर, सॉरी तर मी—" वासुदेव पुढं झाला. शौकतभाईंनी काउंटरखाली त्याच्या पायावर पाय दिला.

साहेब रेकॉर्ड घेऊन बाहेर पडला. ऊन मी म्हणत होतं. समोरून दोन बायका येताना दिसल्या तसा तो वाकला आणि रेकॉर्ड पायांपुढं धरून भिंतीकडेनं सरकू लागला. तबकडी लहान, वीतभर. तिच्याआड एका वेळी एकच गुडघा मावत होता.