डाव्या हाताचा मोजा

मेहरूण भागातल्या एका शेडमध्ये हुस्नबानो गोल्फचे हातमोजे शिवते. जुन्या प्लास्टिकच्या बाटल्यांचा चुरा करून काढलेल्या धाग्याचे, अन् सगळे डाव्याच हाताचे. शिलाई चुकलेला एक मोजा आज मुकादमाने तिच्याकडे टाकला. "ने, पोरीला खेळायला होईल."

घरी रूहीने तो उलटासुलटा करून पाहिला. "अम्मी, याचा दुसरा कुठंय?"

"दुसरा नसतोच गं. ते साहेब लोक एकाच हातात घालतात."

"अन् तसेच बाहेर फिरतात?"

"फिरतात की."

कोपऱ्यात हुस्नबानोचा नवरा अरशद ऐकत बसला होता. बाटल्यांचा चुरा करणाऱ्या मशीनवर अपघात झाल्यापासून त्याने उंबरा ओलांडला नव्हता. लेकीला शाळेत सोडणंही बंद केलं होतं. रूही त्याच्यापुढे जाऊन बसली आणि एकेक बोट धरून तिने मोजा चढवला.

"बरोबर बसला, अब्बू. उद्या मला सोडायला चला. कुणी विचारलंच तर मी सांगते, हा एकच असतो."

मनगटावरची सुटी पट्टी अरशदने दातांत धरून घट्ट ओढली. ओढायला दुसरा हातच नव्हता.